बघणारा कुठे बसणार

गजाकाका, तुमचा चष्मा माझ्याकडेच राहिला. सोहारहून तुमचं सामान आलं तेव्हा दोन बॅगा, ब्रशांचा पत्र्याचा डबा आणि चपलांचा जोड, असं सगळं यादीप्रमाणे बांधून मी कार्गोत दिलं आणि सही केली. चष्मा माझ्या गाडीच्या कप्प्यात होता. मागच्या महिन्यात तुम्ही नेहमीप्रमाणे विसरला होतात आणि मी नेहमीप्रमाणे 'पुढच्या शुक्रवारी देतो' म्हटलं होतं. तो यादीत नव्हता म्हणून राहिला. डाव्या काचेच्या कडेला निळ्या रंगाचा ठिपका आहे, तो तुम्ही कधी पुसला नाहीत.

आज अकरा दिवस झाले. मला अजून रडू आलेलं नाही, आणि ते येत नाही याचंही विशेष काही वाटत नाही. सोहारच्या त्या हॉटेलच्या साइटवरून फोन आला, तेव्हा पलीकडच्या माणसाने सांगितलं की तुम्ही चहा प्यालात, परांचीच्या खालच्या पायरीवर बसलात आणि बसूनच राहिलात. त्यावर मी काय विचारलं माहीत आहे? रंगाचे डबे झाकून ठेवलेत का, असं विचारलं. मग मी फोन ठेवला आणि समोरचं ड्रॉइंग पूर्ण केलं. ते बरोबरही आलं.

इथल्या आपल्या लोकांनी शुक्रवारी तुमच्यासाठी सभा ठेवली आहे. मला म्हणाले, तायडेसाहेब, तुम्ही त्यांचे जवळचे, चार ओळी लिहून द्या. गाव, जन्मसाल, ओमानमध्ये किती वर्षं, मागे कोण. ते मी एका कागदावर लिहून दिलं. ते वाचताना मला असं वाटलं की हा कुणीतरी दुसराच माणूस असावा. हे मात्र मी तुम्हालाच लिहितोय, कारण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती, आणि परवा आणखी एक कळली आहे.

आपली पहिली भेट आठवते? रुवीत आपल्या ऑफिसखालच्या गल्लीत, चहाच्या टपरीशी. मी विदर्भातून नवा आलेलो, डिप्लोमा आणि कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग यांच्या जोरावर स्वतःला फार मोठा समजणारा. तुम्ही हाताला रंग लागलेले, लुंगीवर नव्हे पण लुंगी नेसल्यासारखेच दिसणारे. कुणीतरी ओळख करून दिली, की हे सावंतवाडीकडचे चितारी, आपले सीलिंग पेंटर. मी विचारलं, म्हणजे छताला रंग देता? तुम्ही म्हणालात, नाही, छत काढून टाकतो. मला तेव्हा तुम्ही आगाऊ वाटलात.

छत काढून टाकण्याची विद्या तुम्ही गोव्यात शिकलात. विशी-बाविशीत एका गावच्या जुन्या चर्चच्या दुरुस्तीवर लागलात. तिथलं छत सपाट लाकडी फळ्यांचं, पण त्यावर दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी वर आणखी एक मजला रंगवला होता. खोटे खांब, खोटा कठडा, कठड्यावरून वाकून बघणारे देवदूत आणि त्यांच्या वर थेट आभाळ. त्या काळच्या चर्चना साधं काही चालायचंच नाही, असं तुम्ही सांगायचात. खांब असला तर तो पिळलेला, देवाच्या मागची पाटी असली तर तिच्यावर सोन्याची वेलबुट्टी, आणि छत असलं तर ते फोडून स्वर्गात जाणारं. खाली बाकावर बसलेल्या गरीब कोळणीलाही वाटलं पाहिजे की तिच्या डोक्यावर छप्पर नाहीच. नंतर मी इंटरनेटवर शोधून काढलं की या साऱ्या थाटाला बरोक म्हणतात. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, म्हणोत बापडे. दोन वर्षं तुम्ही देवदूतांच्या पायांची बोटं रंगवलीत, आणि घरी आईला सांगितलंत की गोव्यात देवाचंच काम करतो.

पण बघण्याची खरी विद्या तुमची त्याच्याही आधीची, घरची होती. तुमच्या घरी गणपतीची शाळा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, मुलांची शाळा. मग तुम्ही सांगितलंत की तळकोकणात मूर्ती घडवतात त्या जागेलाच शाळा म्हणतात. मातीकाम धाकटा भाऊ वासू करायचा, डोळे तुम्ही आणि तुमचे वडील, म्हणजे दादा. डोळे करण्याआधी दादा मूर्ती न्यायला आलेल्या माणसाला विचारायचे, तुमचा चौरंग केवढा उंच, आणि घरची माणसं समोर कुठे बसतात. त्या हिशेबाने बुबुळ खाली-वर करायचे. म्हणून तुमच्याकडचा गणपती घरी गेला की माणसांकडे बघायचा, भिंतीकडे नाही. तुम्ही ते एका वाक्यात सांगायचात, आणि ते वाक्य मला पाठ आहे.

"बघणारो खंय बसतलो, ता आधी विचार."

मी ते विचारलं नाही. इथूनच सगळं सुरू झालं, आणि आज मला त्याचीच कबुली द्यायची आहे.

२०१३ साल. अल खौदच्या त्या अर्बाबने, म्हणजे घरमालकाने, इटलीची सहल केली आणि फोनमध्ये एक फोटो घेऊन आला. रोममधलं एक मोठं चर्च, त्याला घुमट बांधायचा राहून गेला, म्हणून सपाट कापडावर घुमट रंगवून तो वर बसवला. खालून बघणाऱ्याला शंकाही येत नाही. अर्बाबला तसाच घुमट त्याच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांना बसवायच्या मोठ्या खोलीत, हवा होता. वर दुसरा मजला होता, खरा घुमट शक्यच नव्हता. फक्त देवदूत नकोत, माणसाची चित्रं नकोत, एवढीच अट. तुम्ही हळूच मला म्हणालात, बरं झालं, बोटं वाचली.

आकडेमोड माझी होती. त्या चर्चच्या जमिनीवर दगडाची एक गोल खूण आहे, तिच्यावर उभं राहिलं की घुमट खरा वाटतो आणि दोन पावलं सरकलं की कोसळायला लागतो, हे मी वाचून काढलं होतं. मग मीही खोलीच्या बरोबर मधोमध एक बिंदू धरला आणि तिथे उभ्या माणसाच्या डोळ्याची उंची. कॉम्प्युटरने रेषा दिल्या, मी त्या खऱ्या मापात कागदावर छापून आणल्या. तुम्ही त्या कागदांकडे बराच वेळ बघितलंत. मग विचारलंत, साहेब, मजलिसमध्ये उभा कोण राहतो? मी म्हटलं, काका, तिकडे रोममध्येही असंच आहे. तुम्ही म्हणालात, तिकडे देऊळ आहे, माणूस चालत येतो आणि मधे थांबतो, इथे तर माणूस चप्पल काढतो आणि भिंतीला टेकून गादीवर बसतो. मी हसलो. मी म्हटलं, कॉम्प्युटरला सगळं कळतं. हे वाक्य मी खरंच बोललो होतो. तुम्ही नंतर त्यावरून मला कितीदा छेडलंत, पण फक्त आपण दोघंच असताना.

दीड महिना तुम्ही परांचीवर उताणे पडून होतात. बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावता येत नव्हता. कागदाला टोचून टोचून भोकं पाडायची, तो खाका छताला धरायचा, त्यावर कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची, की ठिपक्यांची रेघ उठते. मग त्या रेघेवरून रंग. ऑगस्टच्या शेवटी काम संपलं. परांची उतरवली, मधोमध उभं राहून मी वर बघितलं, आणि काका, माझ्या अंगावर काटा आला. छत नव्हतंच. मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही भिंतीशी खाली मांडी घालून बसला होतात आणि वर न बघता पायाचे तळवे चोळत होतात. तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं.

दोन दिवसांनी गालिचे घातले, भिंतीकडेने गाद्या-तक्के लागले. अर्बाब आला, चप्पल काढली आणि सरळ समोरच्या भिंतीशी आपल्या जागेवर जाऊन बसला. आपला मॅनेजर, मी, तुम्ही, सगळे दाराशी उभे. अर्बाबने वर बघितलं आणि पटकन मान खाली घेतली. हा अर्बाब जुन्या व्यापारी घरातला, हिंदी आपल्यापेक्षा बरं बोलणारा. तो शांतपणे म्हणाला, ये तो मेरे ऊपर गिर रहा है. मॅनेजरने आमच्याकडे वळून विचारलं की ड्रॉइंग कोणाचं. ड्रॉइंगची गुंडाळी माझ्या काखेत होती. मला आठवतं, मी ती काखेत घट्ट दाबली, आणि बोललो नाही.

"गलती मेरी है, अर्बाब," तुम्ही म्हणालात. "खाका लगाते टाइम मेरे हाथ से सरक गया. यल्ला, मैं ठीक करता."

तीस वर्षं छतं रंगवलेल्या माणसाने सांगितलं की त्याच्या हातून खाका सरकला. मॅनेजरने सगळ्यांदेखत तुम्हाला काय काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. बाहेर आल्यावर मी काहीतरी बोलायला गेलो, तर तुम्ही म्हणालात, तुझी बायको-पोरगी महिन्यापूर्वी आली आहेत, घराला अजून पडदे लागले नाहीत, तू गप ऱ्हव. आणि मी गप्प राहिलो. पाच वर्षं.

त्याची किंमत मी नाही, तुम्ही मोजलीत. ईदच्या आधी काम हवं होतं, म्हणून तुमची रजा रद्द झाली. चतुर्थी आठवड्यावर आलेली. तुमचं तिकीट पाकिटात होतं. इथे आल्यापासून काहीही होवो, गणपतीला तुम्ही घरी असायचात, घरच्या मूर्तीचे डोळे तुमच्या हातचे. दादांना तेव्हा धड उभंही राहवत नव्हतं. तुम्ही घरी फोन करून एवढंच सांगितलंत की काम आहे, पाचव्या दिवसापर्यंत येतो, इन्शाल्ला. काय काम, का, कुणामुळे, काही नाही. आला नाहीत. मार्गशीर्षात दादा गेले.

आणि त्याआधी, गणपती विसर्जन होऊन आठवडाही झाला नसेल, रुवीच्या त्या खानावळीत आपण जेवत होतो. तुमच्या गावचा एकजण समोर येऊन बसला, नुकताच सुट्टीवरून परतलेला. हसत हसत म्हणाला, यंदा चितारींचा गणपती भलतीकडेच बघत होता, सगळ्यांच्या डोक्यावरून, म्हाताऱ्याने हट्टाने स्वतः डोळे केले आणि हात थरथरला, अख्ख्या वाडीत चर्चा. तुमच्या ताटात बांगडा होता. तुम्ही तो तसाच ठेवून उठलात. जिन्यात मला म्हणालात, दादांचा हात आयुष्यात कधी हलला नाही रे. लोक आता एवढंच लक्षात ठेवतील. मी तेव्हाही गप्पच.

त्यानंतर तुम्ही चतुर्थीला गेला नाहीत. मे महिन्यात जायचात, आंब्याच्या दिवसांत. वासू तुमच्याशी बोलत नव्हता. परदेशातल्या कामापायी बापाचा शेवटचा गणपती सोडला, असं त्याने तेराव्याला चारचौघांत म्हटलं होतं, आणि तुम्ही त्याला उत्तर दिलं नाहीत. एका वाक्यात उत्तर देता आलं असतं. त्या वाक्यात माझं नाव आलं असतं.

छत तुम्ही कसं सुधारलंत, ते मात्र मला आनंदाने सांगावंसं वाटतं. मी म्हटलं होतं, बिंदू मधून उचलून अर्बाबच्या गादीवर नेऊ. तुम्ही म्हणालात, मग पाहुण्याने काय पाप केलंय? तीन दिवस तुम्ही ब्रशला हात लावला नाहीत. चारही भिंतींशी पाळीपाळीने बसून राहिलात, कधी तक्क्याला टेकून, कधी पाय पसरून. अर्बाबला विचारलंत की तुमचे वडील कुठे बसतात, कॉफी कुठून येते. मग घुमट सरळ पुसून टाकलात. चारही कडांना कठडा काढलात, पण प्रत्येक कडा समोरच्या भिंतीशी बसलेल्याच्या डोळ्याने. कठड्यावरून बाहेरची खजुराची झावळी थोडी आत डोकावतेय. आणि मधे नुसतं आभाळ. मी विचारलं, मधल्या भागाचा बिंदू कुठला? तुम्ही म्हणालात, "आभाळाक वाकडा-सरळ नसता."

ईदला अर्बाबच्या घरी साठ-सत्तर माणसं भिंतीकडेने बसली, आणि म्हणे प्रत्येकाला वाटलं की सगळ्यात चांगली जागा आपली.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. मी म्हणायचो, हे सगळं चर्चपासून मजलिसपर्यंत फसवणुकीचं काम आहे, सपाट फळीला स्वर्ग म्हणायचं. बुद्धाला मानणारा माणूस मी, मला जे आहे ते दिसलं पाहिजे. तुम्ही कधी चिडला नाहीत. उलट आमच्या घरासाठी बुद्धाचं चित्र करून दिलंत आणि म्हणालात, याचे डोळे सोपे, अर्धे मिटलेले, कोण कुठे बसतं ते विचारायला नको. माझी मुलगी त्या चित्रामुळे तुम्हाला सीलिंग अंकल म्हणायची थांबली आणि 'बुद्धावाले काका' म्हणायला लागली, तिच्या त्या अडखळत्या मराठीत. फसवणुकीबद्दल तुमचं म्हणणं एवढंच होतं की रोमच्या त्या माणसाने जमिनीवर खूण केली, म्हणजे स्वतःच सांगून टाकलं की इथून खरं, बाकी सगळीकडून खोटं. जो सांगान फसवता, तो फसवणारो नाय, असं तुम्ही म्हणायचात. मी त्यावर काहीतरी मुद्दा काढायचो. आता कळतं की मला त्या वाक्याचा राग का यायचा. मी सांगितलं नव्हतं ना.

एकदा सांगायला निघालो होतो. दोन वर्षांपूर्वी, सोहारच्या रस्त्यावर, मी गाडी चालवत होतो. मी म्हटलं, काका, वासूला मी फोन करतो, त्या वर्षीचं सगळं सांगतो. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. 'ऱ्हवांदे रे,' म्हणालात. मग म्हणालात, डोंगर बघ, असा तपकिरी रंग डब्यात मिळत नाही. मला हायसं वाटलं, काका. तुमच्या त्या 'ऱ्हवांदे'ने मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना माझे कान गरम झाले आहेत, अकरा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी जाणवतंय.

परवा तुमच्या मुलीचा, दीपाचा, मला मेसेज आला. काका, बाबांनी तिकडे काय काम केलं ते आम्ही कधी बघितलंच नाही, एखादा फोटो असेल तर पाठवा. माझ्याकडे तुमच्या कामाचे फोटो नाहीत. फोटोत काहीही सरळ दिसतं, म्हणून तुम्ही काढू द्यायचा नाहीत. मग अल खौदला गेलो. अर्बाब दाराशी आला, माझा हात दोन्ही हातांत धरला, अल्ला यर्हमा, देव त्यांच्यावर दया करो, म्हणाला, कॉफी आणि खजूर मागवले. मी बसलो नाही. खोलीच्या मधोमध गेलो, माझ्या जुन्या बिंदूवर, आणि वर बघितलं. तिथून चारही कडा एकमेकींशी भांडतात. अख्ख्या खोलीत तेवढी एकच जागा आहे जिथून काहीच जुळत नाही.

मी तिथूनच अर्बाबला सांगितलं की पाच वर्षांपूर्वीची ती चूक गजाननची नव्हती, ड्रॉइंग माझं होतं. त्याने माझ्याकडे नवलाने बघितलं. कौनसी गलती, म्हणाला, ये तो पहले से ऐसा ही है. त्याला आठवतच नव्हतं. मग तक्क्यावर हात थोपटून म्हणाला, आधी बस तरी. मी बसलो. समोरचा कठडा सरळ उभा राहिला, वरचं आभाळ उघडलं. मी फोटो काढला आणि कॉफी प्यालो.

इतकी वर्षं जी गोष्ट मी छातीशी धरून होतो ती त्या घरात कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. ती जिथे होती तिथे तर मी फोन करायला घाबरत होतो. गाडीत बसलो, कप्पा उघडला, तुमचा चष्मा बघितला, आणि वासूला फोन लावला.

मी न थांबता सगळं सांगितलं. मजलिस, मधला बिंदू, काखेतली गुंडाळी, रजा. तुमचा भाऊ घरी आला नाही कारण त्याने माझी चूक आपल्या अंगावर घेतली. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता. मग वासूने विचारलं, तेव्हा का नाही बोललात? मी म्हटलं, घाबरलो होतो. तो म्हणाला, हं. आणि पुन्हा कोंबड्या.

नंतर तो जे बोलला ते तुम्हाला सांगायचं आहे. तो म्हणाला, मीही दादाला एक गोष्ट सांगितली नाही, रागाने. दादा म्हणजे तुम्ही, हे मला क्षणभराने कळलं, वडिलांना तो बाबा म्हणतो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी म्हातारा खुर्ची मूर्तीसमोर ओढून बसला आणि ब्रश मागितला. वासूने डोळ्यांची रेघ बघितली आणि घाबरून म्हणाला, बाबा, नजर चुकतेय, आम्ही इथे बसतो, हा तर आमच्या डोक्यावरून बघतोय. वडिलांनी ब्रश थांबवला नाही.

"बाबांचो हात कापलो नव्हतो," वासू म्हणाला. "माका म्हणाले, गजो दारातसून येतलो. येतलो तेव्हा कोणीतरी तेच्याकडे बघूक व्हया."

वाडीतले लोक हसले. वासूने कुणाला काही सांगितलं नाही, तुम्हाला तर नाहीच. तुम्ही खानावळीत ताट सोडून उठलात, त्या जिन्यात उभे राहिलात, आणि बापाचा हात आपल्यामुळे बदनाम झाला हे मनात धरून पाच वर्षं छतं रंगवत राहिलात.

फोन ठेवल्यावर मी गाडीतच बसून राहिलो. एसी चालू होता तरी चष्म्याची काच धुरकट झाली. ती मी पुसली, निळा ठिपका सोडून. सोमवारी मी निघतोय, तुमच्या गावाला. वासूने या म्हटलंय. चष्मा मी स्वतः आणून देतो, कार्गोने नाही.

दादांचा हात हलला नव्हता, गजाकाका. त्यांनी आधी विचार केला होता, बघणारा कुठून येणार. पाचही दिवस तुमच्या घरचा गणपती दाराकडे बघत होता.